पावडर राहू दे, आधी दुपारचा डबा बघू

पत्र

ताई, मी सांगलीत एका सहकारी बँकेत काउंटरवर काम करते. वय ३४, वजन ५८ किलो. पाठ दुखते म्हणून दीड वर्षापूर्वी जिम लावली आणि लोखंडाची गोडीच लागली. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका), बेंच (आडवं पडून बार वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) असं आठवड्यातून चार दिवस चालतं, संध्याकाळी ७ ते सव्वाआठ. पण गेले तीन महिने गाडी अडली आहे. डेडलिफ्ट ८० किलोच्या पुढे सरकत नाही, शेवटच्या सेटनंतर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रात्री पोटभर जेवले तरी अकरा वाजता स्वयंपाकघरात डबे उघडत फिरते.

सकाळी चहा-बिस्किटं, ९ वाजता पोहे नाहीतर उपीट, दीडला डब्यात तीन पोळ्या, भाजी, कोशिंबीर. पाचला चहा आणि पुन्हा दोन बिस्किटं. रात्री सव्वानऊला भाकरी, भाजी, आमटी. भात ट्रेनरनी बंद केला आहे. त्यांचं म्हणणं, व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात प्रोटीन पावडर पोटात गेली नाही तर केलेली मेहनत वाया जाते. सासूबाई म्हणतात, पावडरनं किडनी जाते. अंडी मी खाते, पण घरात आणत नाही. सोमवार आणि संकष्टी धरते. पुढच्या वर्षी पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे याच तीन प्रकारांच्या, जिल्हा स्पर्धेत ५७ किलोच्या गटात उतरायचं मनात आहे. जिमच्या आधी काय खाऊ, नंतर काय, किती मिनिटांत, आणि उपासाच्या दिवशी काय, हे सांगाल का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

अंधारीपासून सुरुवात करते. तुम्ही ती ओझरती लिहिलीत, पण अख्ख्या पत्रात मला सगळ्यात आधी तीच खटकली. जड वजन उचलताना श्वास रोखला जातो. बार खाली टेकला की दम सुटतो, रक्तदाब झर्रकन उतरतो आणि क्षणभर गरगरतं. हे बऱ्याच जणांना होतं. पण तुमच्या बाबतीत आणखी दोन कारणं समोर दिसतात. एक, त्या वेळी पोटात सहा-सात तास काही धड गेलेलं नसतं. दुसरं, रक्त कमी असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जगातला कुठलाही आहारतक्ता तुमची डेडलिफ्ट वाढवणार नाही. म्हणून या आठवड्यात सीबीसी (रक्ताची साधी तपासणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ एवढ्या तपासण्या करून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, किंवा व्यायाम वाढल्यापासून पाळी लांबू लागली असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. नुसती अंधारी न येता शुद्धच हरपली किंवा छातीत दुखलं, तर मला पत्र लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता खाण्याकडे येऊ. तुम्ही विचारलंय आधी काय आणि नंतर काय. मी तुमच्या अख्ख्या दिवसाची बेरीज केली. दोन चहांमधलं दूध धरून ३ ग्रॅम प्रथिनं, बिस्किटांचे २, पोह्यांचे दाण्यांसकट ६. डब्यातल्या तीन पोळ्यांचे ९, भाजी-कोशिंबिरीचे ३-४. रात्री भाकरीचे ५-६, आमटीचे ४, भाजीचे २. कितीही उदारपणे मोजलं तरी आकडा ४० ग्रॅमच्या पुढे जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलेत, म्हणजे तुमच्यासाठी ४८. हा हिशेब साध्या, वजनं न उचलणाऱ्या बाईचा आहे. नेमानं वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला ८० ते ९५. खाताय निम्मं आणि चर्चा चाललीय अर्ध्या तासाची!

त्या अर्ध्या तासाचं आधी संपवून टाकू. वजनं उचलल्यावर स्नायूंची डागडुजी सुरू होते आणि ती एक-दोन दिवस चालू राहते. या सगळ्या काळात स्नायू खाल्लेल्या प्रथिनांचा चांगला उपयोग करून घेतात. दुकानाचं शटर पावणेनऊला धाडकन खाली पडत नाही. ज्याचं शेवटचं खाणं व्यायामाच्या पाच-सहा तास आधी झालंय, किंवा जो पहाटे उपाशीपोटी बार उचलतो, त्यानं नंतर लवकर खावं हे खरं. तुम्ही सव्वाआठला सुटता आणि सव्वानऊला ताटावर बसता. हा एक तास मला अजिबात खुपत नाही. खुपतात ते दीड ते सव्वानऊमधले पावणेआठ तास. त्यात एक चहा आणि दोन बिस्किटं, आणि मध्येच ८० किलोची डेडलिफ्ट. ट्रेनरनी नंतरची वेळ धरून ठेवली, आधीची मात्र सोडून दिली.

तेव्हा पहिला बदल साडेपाचचा. बँक सुटायच्या आसपास, व्यायामाच्या दीड तास आधी खायचं. एक केळं आणि मूठभर फुटाणे, तीस-पस्तीस ग्रॅम. केळ्यानं साखर मिळते, फुटाण्यांचे ६-७ ग्रॅम प्रथिनं होतात, पोट जड होत नाही. अंडी घराबाहेर चालतात आणि घरात चालत नाहीत, ही व्यवस्था आपल्याकडे कितीतरी घरांत असते आणि ती मोडायला मी कुणाला सांगत नाही. पण मग तिचा फायदा तरी घ्या! बँकेजवळच्या गाड्यावर दोन उकडलेली अंडी खाल्लीत की १२ ग्रॅमचं काम झालं. बलकासकट खा. ‘पांढरं तेवढंच खायचं’ हे जिममधलं फॅड तुमच्या उपयोगाचं नाही. बलकातही प्रथिनं आहेत, आणि शाकाहारी ताटात दुर्मिळ असलेलं बी-१२ तर पांढऱ्यापेक्षा बलकातच जास्त असतं. एरवी मी दाण्यांची मोठी भक्त आहे, पण व्यायामाच्या तोंडावर मूठमूठ दाणे नकोत. त्यातलं तेल पोटात रेंगाळतं आणि स्क्वॉटला खाली बसलं की वर येतं. भडंगाचंही तेच. सांगलीत राहून पाच वाजता भडंग नको म्हणणं अवघड आहे, हे कळतं. चार घास खा, बशीभर नको.

जिमला पोचल्यावरही पोकळ वाटलं तर दहा-बारा बेदाणे तोंडात टाका. तासगावचा बेदाणा तुमच्या दारातला, परदेशी जेलच्या पुड्या हव्यात कशाला. पाचचा चहा चालू ठेवा. कॅफीननं थोडी तरतरी येते आणि दुपारच्या जेवणापासून तो पुरेसा लांब आहे. चहा जेवणाला चिकटून घेऊ नका, कारण त्यातली टॅनिन्स लोह शोषू देत नाहीत. उलट उसळीवर लिंबू पिळलं तर लोह चांगलं शोषलं जातं.

आता आमटी. जिच्याबद्दल माझी सगळ्यात जास्त तक्रार आहे ती हीच.

चार माणसांच्या घरात आमटीला साधारण अर्धी वाटी तुरीची डाळ शिजते, सत्तरेक ग्रॅम. तिच्यात चार-पाच वाट्या पाणी पडतं, चिंच, गूळ, गोडा मसाला, वरून कोथिंबीर. चव फर्मास असते, पण चौघांत वाटली की माणशी चार ग्रॅम प्रथिनं. तुम्ही वाटीभर आमटी भुरकता आणि मनात धरता की डाळ खाल्ली. खरं तर डाळीचं पाणी प्यालात. उपाय सोपा आहे आणि त्यासाठी वेगळा स्वयंपाकही नको. डाळ अर्धीच्या ऐवजी दीड वाटी शिजवा. कुकर उघडला की फोडणीत पाणी ओतायच्या आधी, घोटलेल्या घट्ट वरणाची तुमची मोठी वाटी बाजूला काढून ठेवा. मीठ, हिंग, हळद, चमचाभर तूप, लिंबाची फोड, बस्स. कच्ची पन्नास ग्रॅम डाळ त्या वाटीत असेल तर ११-१२ ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळतात. सासूबाईंची वाटीही तशीच काढा. उतारवयात स्नायू झिजत जातात, त्यांना प्रथिनं तुमच्याइतकीच महत्त्वाची आहेत आणि घट्ट वरण चावायला त्रास नाही. बाकीच्या डाळीची आमटी होऊ दे, ती आधीपेक्षा दाटच होईल आणि घरात कुणी कुरकुर करणार नाही.

या वरणाखाली भात घ्या. हो, रात्री भात! भात घड्याळ बघून अंगाला लागत नाही. दिवसभरात एकूण किती खाल्लं त्यावर चरबी ठरते. वजनं उचलताना स्नायूंत साठलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, खर्ची पडतो आणि तो भरून काढायला भात, भाकरी, पोळी, रताळं यांचाच आधार आहे. शिवाय प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं लायसिन गव्हा-तांदळात कमी असतं, मेथिओनिन डाळीत कमी असतं. वरण-भात किंवा उसळ-भाकरी पोटात एकत्र गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या पणज्यांनी अमिनो आम्लांची नावंही ऐकली नव्हती, तरी ताट बरोबर मांडलं होतं. फक्त त्या ताटातली डाळ पातळ होत गेली आणि पोळ्या वाढत गेल्या.

रात्री वरणाच्या जोडीला आलटून पालटून दोन गोष्टी ठेवा. एक दिवस पनीर, पाऊण वाटीभर तुकडे म्हणजे पाऊणशे ग्रॅम धरा, त्यात १३ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या वड्या. कोरड्या तीस ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्या स्वस्तही पडतात. त्यांचा उग्र वास घालवायचा असेल तर मिठाच्या गरम पाण्यात उकळून दोनदा घट्ट पिळा आणि मग कांदा-लसूण मसाल्यात परता. सांगलीकराला याहून जास्त सांगायची गरज नाही. झोपताना कपभर हळदीचं दूध प्या. अकरा वाजता डबे उघडणं आपोआप थांबेल. ते काही मन खंबीर नसल्याचं लक्षण नव्हे. दिवसभराची राहिलेली भूक रात्री वसुलीला येते, एवढंच.

डब्याला तीन पोळ्या राहू देत, मी कमी करायला सांगणार नाही. त्यात दोन भर घाला: कच्ची तीस-पस्तीस ग्रॅम बसेल एवढी मटकी, मूग किंवा चवळीची उसळ, आणि वेगळ्या डबीत मोठी वाटीभर घट्ट दही. कोशिंबिरीवरचं दह्याचं बोट मोजत नाही! दुपारचं जेवण १३ ग्रॅमवरून २५ वर जातं. रविवारी मटकी भिजवून मोड आणून फ्रीजमध्ये ठेवली की बुधवारपर्यंत निभते, पुन्हा बुधवारी भिजवा. न्याहारीला पोहे ठेवायचे असतील तर नागपूरकरांसारखे हरभऱ्याच्या तर्रीबरोबर खा. नाहीतर आठवड्यातून तीन दिवस मुगाच्या डाळीची धिरडी किंवा बेसनाची पोळी करा आणि दह्याबरोबर खा, १६-१७ ग्रॅम होतात. उपीट मात्र माझ्या यादीत तळाला. सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं आज बंद केलीत तरी काही अडणार नाही.

हे सगळं जमलं तर दिवसाची बेरीज नव्वदीच्या घरात जाते. दोन-तीन तासांनी काहीतरी तोंडात टाकायचा हट्ट नको. न्याहारी, दुपार, साडेपाच आणि रात्र अशा चार वेळा जमल्या की पुरे. फक्त एक लक्षात ठेवा. चरबीला शरीरात साठायला जागा आहे, पिठूळ पदार्थांच्या साखरेलाही थोडी आहे, पण प्रथिनांचं बचत खातं तिथे नाही. रात्री एकदम ६० ग्रॅम खाऊन दिवसभराचा खड्डा तेवढ्या चांगल्या तऱ्हेनं भरत नाही. म्हणून सगळा भार रात्रीच्या ताटावर टाकू नका, दुपार आणि साडेपाच सांभाळा.

आता पावडर. ती जादू नाही आणि विषही नाही. चीज करताना दूध फाटून जे पाणी वेगळं होतं, त्यातली प्रथिनं काढून वाळवली की व्हे पावडर होते. एका चमच्यात, म्हणजे डब्यातल्या मापात, साधारण २४ ग्रॅम. घरच्या ताटातून भागत असेल तर लागत नाही. मार्चएंडला बँकेत रात्री नऊ वाजतात, डबा धड होत नाही, अशा दिवसांसाठी ठेवायची असेल तर ठेवा. दुधात घाला, पाण्यात घाला, केव्हाही घ्या. घेताना डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक बघा आणि जिममध्ये सुटी विकायला ठेवलेली पावडर घेऊ नका, मग विकणारा ट्रेनर कितीही भला असो.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर त्यांना नीट द्या, हसण्यावारी नेऊ नका. ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांनी प्रथिनं खरोखरच डॉक्टरांच्या सल्ल्यानं मोजून खायची असतात. अशा कुणाला तरी पथ्य सांगितलेलं त्यांनी ऐकलं असणार आणि तिथूनच ही भीती आली असणार. निरोगी किडनीला रोजच्या ९० ग्रॅमनं इजा होत नाही. तुम्हाला मधुमेह, रक्तदाब, मुतखडा असं काही असेल किंवा घरात किडनीचा आजार असेल, तर सीबीसीच्या त्याच खेपेत किडनीचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिनही तपासून घ्या आणि रिपोर्ट सासूबाईंना दाखवा. ज्यावर खरंच पैसे घालावेत असं एकच पूरक मला शाकाहारी लिफ्टरसाठी वाटतं, ते म्हणजे क्रिएटिन, स्नायूंना झटक्याच्या जोराला ऊर्जा पुरवणारं द्रव्य, रोज ३ ते ५ ग्रॅम. ते मांस-मासळीतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. पण ते तीन-चार महिन्यांनी, ताट सुधारल्यावर बघू. क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी धरून वजन किलोभर वाढतं आणि तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो. डॉक्टरांना आधी सांगितलं नाही तर उगाच घाबरगुंडी उडते.

सांगली-कोल्हापूरकडे तालमीचा वारसा आहे, म्हणून एक जाता जाता. पैलवान मेहनत आणि खुराक हे दोन शब्द नेहमी जोडीनंच उच्चारतात आणि खुराक म्हणजे दिवसभराचं खाणं हे तिथे पोराटोरालाही ठाऊक असतं. तेवढं त्यांच्याकडून जरूर घ्या. थंडाईतले बदाम आणि वाटीभर तूप मात्र घेऊ नका. दहा बदामांत अडीच ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर फुटाणे त्याहून दुपटीनं देतात आणि खिशालाही परवडतात. तूप पचवायला पहाटेपासूनचे जोर-बैठका आणि आखाड्यातली झटापट लागते. तुम्ही दिवसाचे आठ तास काउंटरवर बसता.

उपास. तो सोडा असं मी म्हणणार नाही, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी. पण साबुदाण्याबद्दल बोलायलाच हवं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरतीही नाहीत. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. उपासाला चालणाऱ्या पदार्थांत त्याहून चांगलं पुष्कळ आहे: वरीचा भात आणि दाण्याची दाट आमटी, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात भिजवून, राजगिऱ्याची भाकरी दह्याबरोबर, आणि तुमच्या घरी चालत असेल तर पनीर. सकाळी दूध-लाह्या, दुपारी वरी-आमटी आणि वाटीभर दही, साडेपाचला केळं आणि ग्लासभर दूध घेतलं तर उपासाच्या दिवशीही ३०-३५ ग्रॅम होतात. रात्री सोमवार सोडलात की घट्ट वरण आणि पनीर आहेच. नव्वदी गाठली नाही तरी चालेल, आठवड्यातल्या एका दिवसानं स्नायू गळून पडत नाहीत.

फक्त सोमवारी डेडलिफ्ट ठेवू नका. तो दिवस विश्रांतीचा, नाहीतर हलक्या बेंचचा. जड दिवस मंगळवार किंवा बुधवार करा, म्हणजे सोमवारी रात्रीचं आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण अंगात असेल. संकष्टीला चंद्रोदय बऱ्याचदा नऊच्या पुढे जातो. त्या संध्याकाळी साडेपाचचं दूध-केळं चुकवायचं नाही. निर्जळी धरत असाल तर त्या दिवशी जिमची पायरी चढायची नाही. यात मी तडजोड करणार नाही.

पाण्याचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये सांगलीत संध्याकाळी सातलाही अंगाची लाही होते. बँकेत एसीत बसल्यानं तहान कळत नाही, म्हणून दुपारपासूनच पाणी पीत राहा आणि घाम फार जात असेल तर जिमहून आल्यावर मीठ घातलेलं ताक घ्या.

राहिली स्पर्धा. तुमचं वजन ५८, गट ५७ चा आणि त्याच्या वरचा ६३ चा. एक किलो उतरवायचं म्हणजे ट्रेनर सांगतील आठवडाभर पोळी बंद, आदल्या दिवशी पाणी बंद. तुमच्याच सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलोच्या गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. त्याचा खेळ वेटलिफ्टिंग, तुमचा पॉवरलिफ्टिंग, पण वजनगट दोन्हीकडे असतात आणि त्या पातळीवर एकेका किलोचा हिशेब होतो. पहिल्यांदा जिल्ह्याला उतरणाऱ्या बाईनं तो करायचं कारण नाही. वर सांगितल्यासारखं खाल्लंत तर तुमचं वजन ५९-६० होईल, त्यातलं बरंचसं कामाचं असेल, आणि ६३ च्या गटात तुम्ही पोटभर जेवून उतराल. स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी स्पर्धकांची वजनं घ्यायला लागतात. काट्यावरून उतरलात की लगेच मऊ, ओळखीचं काहीतरी खा: दही-भात, केळं, गुळाची पोळी. त्या दिवशी नवं काहीही नको, उसळ तर अजिबात नको. स्क्वॉटनंतर आणि बेंचनंतर दोन-दोन खजूर आणि घोट-घोट पाणी पुरतं. स्पर्धेत उतरणार म्हणजे पावडरीत काय आहे याची जबाबदारी तुमची असते. उत्तेजक चाचणीत भलतं काही सापडलं तर ‘ट्रेनरनी दिलं होतं’ हे कुणी ऐकून घेत नाही.

तपासण्यांचे रिपोर्ट आले की आकडे मला कळवा. फेरिटिन कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका. आणि अंधारी थांबेपर्यंत ८० ला हात लावू नका, ६५ वर पाच-पाचचे सेट मारत राहा.